कुंकू लागलेले डॉलर

आधीच सांगून टाकते. मी दरवर्षी समुद्रातल्या मोठ्या बोटींवर जाते, पण हवा खायला जात नाही. नांदेड-लातूरकडची जी माणसं क्रूझच्या सहलीला निघतात, त्यांच्या खिशातला पैसा बोटीवर चालावा, कुठं अडकू नये, आणि कुणी त्यांना येडं समजून लुबाडू नये, एवढं बघायला आमचं ऑफिस मला त्यांच्यासोबत पाठवतं. इतक्या फेऱ्या झाल्या, पण बोटीवरच्या पोहायच्या तलावात मी अजून पाय घातलेला नाही. त्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी ऑफिसात लेखी दिलेली आहे.

कामाच्या आठवणी दिवाळी अंकात निवृत्त माणसं लिहितात, हे मला ठाऊक आहे. मी अजून तिशीचीही नाही. पण संपादक म्हणाले, "तुझ्याकडं सांगण्यासारखं आहे, आणि तू तशीही गप्प बसत नाहीस." हे खरं आहे. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहायची. सिटी बसच्या पासावर, वसतिगृहातल्या पाण्यावर, पुढं ग्राहक चळवळीत गेल्यावर बँकांच्या छुप्या आकारांवर. चळवळीतल्या थोरल्यांनी मला एक सवय लावली होती. विषय कुठलाही असो, पत्रकाची शेवटची ओळ एकच : 'तोंडी ऐकू नका, लेखी मागा.'

असंच एक पत्रक घेऊन मी जब्बारचाचांच्या काउंटरवर गेले होते. नांदेडात परकीय चलनाचा धंदा कसा काय, असं बाहेरच्यांना वाटतं. गुरुद्वाऱ्याला कॅनडाहून, इंग्लंडहून भाविक येतात, त्यांना रुपये लागतात. त्या पैशांची अदलाबदल करणारी दोन-चार काउंटरं त्या भागात आहेत, त्यातलं एक चाचांचं. माझं पत्रक होतं, 'चलन बदलणाऱ्यांनो, दराचा फलक दारावर लावा!' चाचांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं. मी भांडायच्या तयारीनं उभी. ते म्हणाले, "बेटी, लिव्हलंस झ्याक. पण खरेदीचा दर आन् विक्रीचा दर तू उलटा लिव्हलास." मग फलक खरंच दारावर लावला. आणि जाता जाता विचारलं, "एवढी शाई आमच्या इरोधात घालवतीस, ती आमच्या गिऱ्हाइकासाठी घालव की. पगार देतो."

चाचांच्या पुतण्याची सहलींची कंपनी आहे, तिथं मी लागले. खुर्ची मात्र चाचांच्याच काउंटरच्या मागं. आता मी पत्रकंच लिहिते, फक्त विषय बदललाय : 'बोटीवर पैसे कसे न्यावेत.'

चाचांचे आजोबा निजामाच्या काळात सराफीच करायचे. तेव्हा आपल्याकडं दोन नाणी. निजामाचा हाली सिक्का, आणि इंग्रजी मुलखातला कलदार. मुंबईला जायचं तर हाली देऊन कलदार घ्यावे लागत, आणि त्या अदलाबदलीत जी घट सोसावी लागे तिला म्हणत बट्टा. चाचा अजूनही तोच शब्द वापरतात. कुणा म्हाताऱ्या माणसाला डॉलरचं गणित कळेना झालं की ते म्हणतात, "आज्जी, रुपया म्हंजी हाली समजा आन् डॉलर म्हंजी कलदार." म्हातारी लगेच मान हलवते. मी तेच समजवायला छापील तक्ता केला होता. तो कुणालाच समजला नाही.

तर बोटीवरच्या पैशांचं थोडक्यात सांगते. बोट म्हणजे पाण्यावरचं गाव, पण त्या गावातल्या दुकानात रोख चालत नाही. चढतानाच प्रत्येकाला एक प्लास्टिकचं कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच खातं. कॉफी घ्या, टोपी घ्या, कार्ड दाखवा, चिठ्ठीवर सही करा. गल्लीतल्या किराणा दुकानात आपलं खातं असतं, तसंच हे. उतरायच्या आधी सगळा हिशेब होतो. आता अनोळखी माणसाला खातं कोण देईल? म्हणून त्या खात्यामागं काहीतरी तारण लागतं. एक तर क्रेडिट कार्ड जोडायचं, नाही तर काउंटरवर रोख डॉलर जमा करायचे. जेवणखाण तिकिटात असतं. पण दुकानातली कॉफी, फोटो, इंटरनेट, हे सगळं वेगळं. सेवेचे पैसे तर न विचारताच लावतात, ज्यावर मी एक वेगळं पत्रक काढलेलं आहे आणि ते मागेल त्याला देते.

बंदरावर उतरलं की पुन्हा वेगळी तऱ्हा. तिथं नारळपाणीवाल्याला, रिक्षावाल्याला सुट्ट्या नोटा लागतात. एखादं मशीन लाडात येऊन विचारतं, 'तुमच्या रुपयांतच पैसे भरू का?' नाही म्हणा. ठणकावून नाही म्हणा. तिथल्याच चलनात भरा. आपली भाषा बोलून आपल्याच खिशात हात घालायची ही रीत आहे. मला ती बघितली की अजून राग येतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. औशाचे एक अडत व्यापारी होते. बंडीला आतून चोरखिसा शिवून घेतलेला आणि सगळे डॉलर त्यात. विमानतळावर तपासणीला खिसे रिकामे करा म्हटल्यावर त्यांनी थेट सदरा काढायला घेतला. "आबा, इथं नको, बाजूला चला," म्हणेपर्यंत चार बटणं निघाली होती. इस्लापूरचे एक गुरुजी सरबताच्या काउंटरला फोन हातात धरून प्रदक्षिणा घालत होते. मी विचारलं, "गुरुजी, काय हरवलं?" म्हणाले, "स्कॅनर शोधून राहिलो. चिकटवायला इसरले वाटतं हे लोक." आपल्याकडं कोथिंबिरीच्या जुडीलाही फोन दाखवून पैसे देतात, त्यांचा काय दोष? या दोघांनीही नंतर मला दिवाळीचा फराळ पाठवला. असल्या माणसांमुळं माझी नोकरी टिकून आहे आणि डोकंही.

पण मला सांगायचंय ते महादेवीकाकूंचं.

महादेवीकाकू लातूरच्या. माहेर उदगीरकडचं, सीमेवरचं, त्यामुळं कानडी तोंडात बसलेली. नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. ते वारल्यावर मुलगा राजशेखर ते बघतो. काकू घरी बसून साड्यांना फॉल लावतात, पिको करतात. मुलगा म्हणतो, "आई, आता काय कमी हाय तुला? बस कर की." काकू काही बस करत नाहीत. गल्लीतल्या बायकांची वर्षानुवर्षं चाललेली भिशी आहे. एके वर्षी त्या बायकांनी ठरवलं, यंदा भिशी फोडून वाटायची नाही, सगळ्यांनी मिळून बोटीत बसायचं. सिंगापूरहून निघणारी बोट. तिकिटाचे पैसे भिशीतून, आणि वरखर्चाचे ज्याचे त्यानं.

सगळ्या बायका गाडी करून नांदेडला काउंटरवर आल्या. पॅन कार्ड, पासपोर्ट, तिकीट, सगळं बघून मी डॉलर देत होते. काकूंसोबत राजशेखर होते. ते म्हणाले, "मॅडम, आईला डॉलर कशाला? माझं क्रेडिट कार्ड बोटीच्या खात्याला जोडून टाका, मी फॉर्म भरून ठेवलाय. तिला काही बघायलाच नको."

काकूंनी पिशवीतनं स्वतःचं चेकबुक काढलं. "माझे डॉलर मी घेणार."

"आई, अगं..."

"राजू, भिशी माझी. फॉलचा पैसा माझा. बोटीवर मला सगळ्याजणींला एकडाव माझ्या हातानं कॉफी पाजायचीय. आजवर कुठं बी गेलो की बिल द्यायला कुणी ना कुणी गडीमाणूस. म्या कधी हॉटेलात बिल मागिवलंच न्हाई."

राजशेखर हसले. वाईट माणूस नाही तो, हे आधीच लिहून ठेवते. म्हणाले, "घे बाई. दोन्ही असू दे." म्हणजे डॉलर काकूंच्या पर्समध्ये आणि कार्ड बोटीच्या खात्याला. मला तिथंच खटकायला हवं होतं, पण बाकीच्या बायका मागं उभ्या होत्या. मी माझं नेहमीचं बोलून दाखवलं : नोटा घडी घालू नका, त्यावर पेनानं काही लिहू नका, स्टेपलर मारू नका. परदेशी काउंटरवर नोट नवरीसारखी तपासतात.

"हाव, हाव," सगळ्या म्हणाल्या.

सिंगापूरला बोटीत चढलो. खोल्या मिळाल्या, कार्डं मिळाली, पिशव्या ठेवून सगळ्या वरच्या मजल्यावर वारं खायला आल्या आणि तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. व्हॉट्सॲपवर राजशेखर, चेहरा उतरलेला.

"आई, काय घेतलंस गं?"

"काय न्हाई घेतलं. उभी हाय."

"बँकेचा मेसेज आला. एवढे पैसे गेले! सोनं घेतलंस का काय?"

"किल्ली घेतली रे खोलीची!"

मी फोन घेतला आणि समजावलं. बोटवाले पहिल्याच दिवशी कार्डावर एक ठोक रक्कम अडकवून ठेवतात. खर्च नाही, अनामत. मंगल कार्यालयवाला घेतो तशी. उरलेली नंतर सुटते, आणि सुटायला वेळ लागतो. राजशेखरना पटलं. पण मेसेज काही थांबले नाहीत. क्रेडिट कार्ड जोडलेलं असलं की शेवटच्या हिशेबाची वाट न बघता बोट रोजचा खर्च त्याच्यावर टाकायची आणि लातुरात दुकानात कापड मोजता मोजता त्यांचा फोन वाजायचा. काकूंनी इंटरनेटचं पॅकेज घेतलं, फोन. काकूंनी नातीसाठी टोपी घेतली, फोन. "आई, टोपीला एवढे? आपल्या दुकानात ढिगानं हायत." प्रेमानंच विचारायचे, चेष्टेनंच. पण विचारायचे.

त्यानंतर काकू काही घेईनात. बायका कॉफीच्या दुकानात बसायच्या, तेव्हा काकू म्हणायच्या, "मला पित्त झालंय." मग बाहेर जेवणाच्या मोठ्या हॉलात जाऊन फुकटातला चहा घेऊन यायच्या आणि तो कागदी पेला हातात धरून त्यांच्यात बसायच्या. भिशीतल्या सुरेखाताईंनी टोमणा मारला, "महादेवे, तू पाजणार हुतीस नव्हं? का बोट बुडायची वाट बघलालीस?" सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. पण पेल्याची कड दातांनी कुरतडत होत्या.

मी बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "पोरी, मी कॉफी मागवली की तिकडं राजूच्या खिशात घंटी वाजणार. मंग ती माझी कॉफी कशी? त्यानंच पाजली म्हणायची."

माझं डोकं फिरलं. मला त्या कार्डाचाच राग आला. म्हणजे बघा, आईच्या हातात किल्ली आणि किल्लीचा आवाज लेकाच्या खिशात! याला सोय म्हणतात! मी म्हटलं, "काकू, चला. लेकाचं कार्ड खात्यावरनं काढून टाकू आणि तुमचे डॉलर जमा करू. तो तुमचा हक्क आहे."

खालच्या मजल्यावर पैशांचा काउंटर. तिथं बसलेल्या मुलीच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं दीक्षा. मी इंग्रजीत काम सांगितलं. काकूंनी पर्स उघडली, त्यातनं रुमाल काढला, रुमालातनं पाकीट, पाकिटातनं नोटा. दीक्षानं त्या हातात घेतल्या आणि थांबली.

प्रत्येक नोटेवर मधोमध कुंकवाचं बोट उमटलं होतं. ओलं कुंकू, वाळलेलं, कागदात मुरलेलं. कडेला विभूतीचा पट्टाही होता, पण तो झटकला की जात होता. कुंकू जात नव्हतं.

"काकू, हे काय?"

"निघायच्या दिवशी देवापुढं ठिवले हुते. पहिल्यांदा परदेशी लक्ष्मी घरात आली. तिला कुंकू न लावता कशी धाडायची?" मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू म्हनलीस घडी घालू नका. न्हाई घातली. पेनानं लिव्हू नका म्हनलीस. न्हाई लिव्हलं."

अगदी खरं होतं. कुंकवाचं मी बोलले नव्हते. जगातल्या कुठल्याच नियमावलीत ते नसेल. दुकानात नव्या वहीला, नव्या तिजोरीला, नव्या गाडीला आपण कुंकू लावतो. नोटेला लावलं तर त्यात नवल कसलं?

दीक्षा हळूच म्हणाली की डाग असलेल्या नोटा घेता येत नाहीत. मी लगेच पत्रकाच्या भाषेत शिरले. नोट खरी आहे का? आहे. फाटलेली आहे का? नाही. मग कुठल्या नियमानं नाकारता? लेखी द्या. मी आवाज चढवला. मागं रांग थांबली. दीक्षाचे डोळे भरायला आले. ती कागद शोधायला लागली.

काकूंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "गप गं. घेतल्या तर तिच्या पगारातनं कापतील. ती काय मालकीण हाय?"

आणि काउंटरवर कोपर टेकवून त्या दीक्षाशी थेट कानडीत बोलायला लागल्या. ती कानडी, हे पट्टीवरच्या नावावरून कळण्यासारखं नव्हतं. पण तिनं सहकारिणीला फोनवर कानडीत काहीतरी म्हटलेलं त्यांच्या कानावर पडलं होतं. मला दोनच शब्द टिपता आले, कारण काकूंनी ते बोट आपटून दोनदा म्हटले : "नन्न रोक्का."

दीक्षा एकदम हसली. ती मंगळूरकडची. "अज्जी, रोक्का? आमच्याकडं दुड्डू म्हणतात," असं काहीसं म्हणाली. काकू म्हणाल्या, "आमच्याकडं रोक्का." मग दोघींचं बराच वेळ चाललं. रांगेतल्या लोकांना वाटलं, आजीबाईंची नात भेटली. शेवटी काकूंनी मला मराठीत सांगितलं, "मी तिला म्हनलं, नन्न रोक्का, माझा पैसा हाय. ती म्हणती, अज्जी, कळतंय, पर माझ्या पेटीत डाग चालत न्हाई. स्वच्छ नोटा आणा, लगी कार्ड काढून टाकते. भली हाय पोरगी."

स्वच्छ नोटा होत्या. माझ्याकडं. ऑफिस मला अडीनडीसाठी डॉलर देतं, कुणाची पर्स हरवली, कुणी आजारी पडलं तर. पण ते चाचांचे आणि त्यांचा दंडक कडक. बदलून द्यायचे ते स्वच्छ नोटांच्या बदल्यातच. कुंकवाच्या नोटा मी नांदेडला परत नेल्या, तर त्या विकताना घट सोसावी लागणार, आणि ती चाचा सोसणार. त्यांच्या पैशांवर मी उदार होणं हे मला माझ्याच पत्रकांच्या विरुद्ध वाटलं. मी कुंकवाच्या नोटेचा फोटो काढला, सगळी हकीकत बोलून चाचांना पाठवली आणि आम्ही दोघी काउंटरसमोरच्या कोचावर बसलो.

काकू म्हणाल्या, "न्हाई जमलं तर न्हाई. राजूचंच राहू दे." आणि पर्सची साखळी लावली, उघडली, परत लावली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी भांडून काहीही मिळवू शकणार नाही. बसून राहायचं आणि एका माणसाच्या मनात काय येतं त्याची वाट बघायची, एवढंच हातात होतं.

चाचांचा निरोप आला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. मागं काउंटरवरचा पंखा घरघरतोय आणि चाचा म्हणतायत :

"बेटी, नोट नीट बघितली. नोट नटलीय, बाटली न्हाई. दे बदलून. बट्टा लागंल, लागू दे. काकूंला सलाम सांग."

मी तो काकूंना ऐकवला. त्यांनी परत ऐकवायला लावला. मग उठल्या, पदर खोचला आणि काउंटरवर जाऊन दीक्षाला म्हणाल्या, "हं, काढ आता राजूला."

राजूला काढलं. स्वच्छ नोटा जमा झाल्या. दीक्षानं पावती दिली, काकूंनी सही केली, पूर्ण नावानिशी, महादेवी आणि पुढचं सगळं, रेघ मारून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी भिशीतल्या सगळ्यांना कॉफीच्या दुकानात बसवलं. मलाही. दीक्षाची ड्युटी सुटली होती. तिला गिऱ्हाइकांबरोबर बसायला परवानगी नव्हती, म्हणून काकूंनी तिच्यासाठी केकचा तुकडा बांधून घेतला आणि नंतर नेऊन दिला. सुरेखाताईंनी मुद्दाम सगळ्यांत मोठा पेला मागवला. काकू म्हणाल्या, "घे, घे. वर मलई बी घाल म्हणावं." पोऱ्यासारखा दिसणारा वेटर चिठ्ठी घेऊन आला आणि सवयीनं माझ्यापुढं ठेवली, इंग्रजी येणारी मीच म्हणून. काकूंनी ताटलीसकट ती स्वतःकडं ओढली.

"हिकडं. बिल हिकडं आणायचं."

चष्मा लावून त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. एक कॉफी जास्त लावली होती. ती काकूंनीच पकडली, मी नाही. बदलून आलेल्या चिठ्ठीवर सही केली. मग सगळ्यांचं लक्ष टेबलावर पालथ्या ठेवलेल्या काकूंच्या फोनकडं गेलं. फोन गप्प. मलईचा थेंब गालाला लागलेल्या सुरेखाताई म्हणाल्या, "महादेवे, तुझा फोन बिघडला का गं?" आणि त्या सगळ्या बायका अशा हसल्या की शेजारच्या टेबलावरची जपानी मंडळी वळून बघायला लागली.

थोड्या वेळानं काकूंनी आपणहून राजशेखरना फोन लावला. "राजू, आज म्या सगळ्याजणींला कॉफी पाजली. लई भारी हुती."

तिकडनं आवाज आला, "मेसेज न्हाई आला मला."

"न्हाई यायचा," काकू म्हणाल्या. "जेवलास का?"

परत आल्यावर काही दिवसांनी काकू एसटीनं एकट्या नांदेडला आल्या. बट्ट्याचे पैसे द्यायला. चाचा घेईनात. "तुमच्या कुंकवाचा बट्टा मी तुमच्याकडनं घेऊ?" काकू ऐकेनात. काउंटरवर दोघांची जुंपली, आणि मी, जिनं आयुष्यभर आकारांविरुद्ध पत्रकं काढली, ती बघत बसले. एक माणूस आकार द्यायला धडपडतोय, दुसरा नको म्हणतोय! यावर पत्रक कसं लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "मंग घरच्यांच्या साड्या काढा. फॉल लावून देते." चाचांच्या घरातून तेवढ्यात साड्या आल्या. त्या पिशवी भरून घेऊन काकू लातूरच्या गाडीत बसल्या.

माझ्या पत्रकात आता एक ओळ वाढली आहे. मी लिहिलं होतं, 'नोटांना कुंकू लावू नये.' चाचांनी ती खोडली. "असं नको लिव्हू. लोकांला वाईट वाटंल." आता तिथं असं आहे : 'कुंकू पाकिटाला लावावे.' आणि त्याखाली आणखी एक, जी मला काकूंनी शिकवली : 'बोटीवरचं खातं ज्याच्या नावावर, पैसा त्याचाच असावा. मेसेज कुणाच्या फोनवर जाणार ते आधी विचारा.' कार्डं जोडणाऱ्या प्रेमळ लेकांना मी हे काउंटरवर मोठ्यानं वाचून दाखवते. ते थोडे कसनुसे होतात. त्यांच्या आया होत नाहीत.

या नोकरीनं मला काय दिलं असं विचाराल, तर पगार फार नाही. पण मी कधी काळी ज्याच्या दारावर विरोधाचं पत्रक घेऊन गेले, त्या माणसानं माझ्यावर विश्वास टाकला. जिच्यावर मी ओरडले, त्या दीक्षाचा दर दिवाळीला निरोप येतो, आणि तो आधी 'अज्जी कशा आहेत' असा असतो. यापेक्षा जास्त मी मागायचं ठरवलं तर कुठं अर्ज करावा तेच कळत नाही. पोहायच्या तलावाचं तेवढं सोडून.

एक राहिलं. कॉफीनंतरही काकूंच्या खात्यात डॉलर उरले होते. बोट परतायच्या आदल्या दिवशी त्या मला घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या आणि ते सगळे एका गोष्टीवर खर्च केले. खुशीत होत्या. उतरताना म्हणाल्या, "हे आपल्या दोघींत."

मध्यंतरी राजशेखरांचा ऑफिसात फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, दुकानाचं, उन्हाचं. मग म्हणाले, "मॅडम, एक इचारू का? आईनं उरलेल्या पैशाचं काय केलं? रागानं न्हाई इचारत. सहज."

"त्यांनाच विचारा की."

"इचारलं. ती हसती नुसती. म्हणती, नन्न रोक्का." मग तेही हसायला लागले. "जाऊ द्या. राहू द्या."

पैसे कसे न्यायचे, कुठं ठेवायचे, कसे जमा करायचे, हे मी कुणालाही सांगेन, फुकट सांगेन, लेखी देईन. ते कशावर खर्च झाले, हे आमच्या काउंटरवर मिळत नाही.